पोर्टफोलिओमधली खोडाखोड राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रवेशाचे दिवस आले की पेपरात इंजिनिअरिंग, मेडिकल, कॉमर्स सगळ्यांबद्दल पानंच्या पानं येतात, कटऑफ येतो, तज्ज्ञांचे सल्ले येतात, पण फाईन आर्टला अर्ज करणाऱ्या मुलामुलींसाठी दोन ओळीसुद्धा दिसत नाहीत. ही मुलं पण बारावीनंतर तितक्याच धाकधुकीत असतात हो, उलट जास्तच, कारण त्यांना मार्क नाही तर स्वतःची चित्रं घेऊन कुणासमोर तरी उभं राहायचं असतं. मी चित्रकला शिकवते, आणि दरवर्षी अशी मुलं अर्ज करायच्या आधी पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक चित्रांची फाईल, दाखवायला येतात. गेल्या काही वर्षांत जे बघतेय ते बघून राहवत नाही म्हणून हे पत्र.

सगळे पोर्टफोलिओ एकसारखे झालेत. पहिलं पान उघडलं की पेन्सिलने काढलेला एक डोळा, त्यात पाण्याचा थेंब. मग एखाद्या प्रसिद्ध माणसाचा चेहरा, फोटोवर चौकटी आखून उतरवलेला. मग वाघ किंवा घोडा. मग सूर्यास्त, आणि त्यापुढे काळ्या सावलीतली झाडं. शेडिंग एकदम गुळगुळीत, कडा स्वच्छ, कुठे डाग नाही, कुठे चुकलेली रेघ नाही. मेहनत भरपूर असते, ती मी अजिबात नाकारत नाही, एकेका चेहऱ्यावर मुलं आठवडे घालवतात. पण वेगवेगळ्या मुलांचे पोर्टफोलिओ एकत्र मिसळले तर कुठलं चित्र कुणाचं हे त्यांच्या आईलापण सांगता येणार नाही, आणि माझ्या मते गडबड इथेच आहे.

निवड करणारे लोक जेव्हा एखाद्या अठरा वर्षांच्या मुलाचं काम बघतात तेव्हा हा आत्ताच तयार चित्रकार आहे का हे ते बघत नसतात, तसा असता तर शिकायला कशाला आला असता. हा मुलगा काय बघतो, कसं बघतो, अडला की काय करतो, आणि चार वर्षं याच्याबरोबर काम करता येईल का, हे त्यांना शोधायचं असतं. फोटोवरून उतरवलेल्या चकाचक चित्रात यातलं काहीच सापडत नाही. कारण अर्धं काम कॅमेऱ्याने आधीच केलेलं असतं. प्रकाश कुठून येणार, फ्रेम कुठे कापायची, कुठली गोष्ट पुढे कुठली मागे, हे सगळं फोटो काढणाऱ्याने ठरवलेलं, आणि तीन मितींचं जग दोन मितींत सपाट करायचं जे खरं अवघड काम ते लेन्सने केलेलं. मुलाकडे उरतं फक्त एका सपाट कागदावरून दुसऱ्या सपाट कागदावर नेणं. समोर खरी वस्तू ठेवून बसलं की मात्र मान थोडी हलवली तरी सगळ्या कडा सरकतात, ढग आला की सावली बदलते, दोन डोळे दोन वेगळी चित्रं दाखवतात, आणि यातलं कुठलं खरं धरायचं हे दर मिनिटाला स्वतःच ठरवावं लागतं. हे ठरवणं रेघेत दिसतं. शिकवणाऱ्याला ते लगेच कळतं.

यंदा एक मुलगी आली होती. ऑइलमध्ये छान काम करते, रंगाची समज चांगली आहे, पेंटिंग हाच विषय घ्यायचा हे तिचं ठरलेलं. तिने फाईल पुढे केली, आधी सांगितली तशीच सगळी चित्रं, नीट माऊंट केलेली. मी विचारलं अजून काही आहे का, तर बॅगेतून एक गुंडाळलेला कागद काढला, तोही जरा संकोचाने. चारकोलमध्ये, म्हणजे कोळशाच्या कांडीने काढलेली, एक साधी लाकडी खुर्ची होती, जवळून आणि थोडी वरून बघितलेली. मागचा पाय तिने बऱ्याच वेळा काढला होता, प्रत्येक वेळी जरा आत सरकवत, जुन्या रेघा हाताने पुसल्यात पण त्यांची करडी छाया राहिलीय, त्यामुळे पाय कुठून कुठे आला हे सगळं दिसतं. आणि खुर्चीच्या दांड्यांमधली जी रिकामी जागा, ती तिने मुद्दाम गडद भरली होती, म्हणजे लाकूड काढायच्या ऐवजी लाकडाच्या मधली हवा काढली, आणि त्यानेच खुर्ची जमिनीवर घट्ट बसली. एका कोपऱ्यात अंगठ्याचा काळा ठसा. मी म्हटलं अगं हे फाईलमध्ये का नाही? तर म्हणाली क्लासच्या सरांनी काढायला सांगितलं, घाण दिसतं म्हणाले, इम्प्रेशन खराब होईल.

अख्ख्या फाईलमध्ये ती मुलगी फक्त त्या एका कागदावर दिसत होती.

मी त्या सरांना दोष द्यायला हे लिहीत नाहीये, त्यांनाही मुलांना प्रवेश मिळवून द्यायचाच असतो, आणि चकचकीत काम म्हणजे चांगलं काम हा समज काही त्यांनी एकट्याने तयार केलेला नाही, तो फार जुना आहे. युरोपातल्या जुन्या अकादमींमध्ये खरोखर तशीच पद्धत होती. लंडनच्या रॉयल अकादमीत पुढे मोठा चित्रकार झालेला टर्नर १७८९ साली शिकायला गेला तेव्हा तो १४ वर्षांचा होता, आणि त्यालाही आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून ड्रॉइंग करत बसावं लागलं, जिवंत मॉडेलच्या वर्गात जायला १७९२ उजाडलं. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत रोदँने प्रवेशासाठी प्रयत्न केले आणि त्याला तीनदा नाकारलं. ज्याला आज आपण आधुनिक शिल्पकलेचा पाया घालणारा म्हणतो त्याला! त्याला नाकारणारे लोक मूर्ख नव्हते, त्यांच्याकडे पक्की मोजपट्टी होती आणि त्याचं काम त्या मोजपट्टीत बसत नव्हतं, एवढंच.

मग विसाव्या शतकात शिकवण्याची पद्धतच बदलली. १९१९ साली जर्मनीत वायमार इथे वॉल्टर ग्रोपियसने बाउहाउस ही कलाशाळा सुरू केली, तिथे आलेल्या प्रत्येकाला आधी एक पायाभूत कोर्स करावा लागायचा, सुरुवातीला तो योहानेस इटेन घ्यायचा. पुढे योसेफ आल्बर्स तिथे शिकवायला लागला, तो मुलांच्या हातात साधा कागद द्यायचा आणि म्हणायचा यातून काहीतरी करा, पण कागद वाया घालवू नका, आणि कागदाला कागदच राहू द्या. मुलं महाल बनवायची, जहाज बनवायची, प्राणी बनवायची. त्याला आवडायचं ते साधं काम, जिथे नुसती घडी घातल्यामुळे मऊ कागद स्वतःच्या बळावर ताठ उभा राहिलाय. म्हणजे समोरची वस्तू काय करू शकते हे त्या मुलाने नीट बघितलं, इतकंच त्याला हवं होतं. आपल्याकडे त्याच १९१९ साली शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झालं, तिथे चित्रकार नंदलाल बोस मुलांना बाहेर घेऊन जायचे, झाडं, जनावरं, माणसं जिथे आहेत तिथे जाऊन स्केच करायला लावायचे, आणि स्वतः खिशात मावेल अशा कार्डांवर सतत काढत असायचे. आज जगभर बऱ्याच ठिकाणी फाईन आर्टच्या प्रवेशाला पोर्टफोलिओबरोबर स्केचबुक मागतात, कामाची प्रक्रिया दाखवा म्हणतात, त्याचं मूळ या बदलात आहे. आणि आपण मात्र मुलांना अजून त्याआधीच्या परीक्षेची तयारी करून पाठवतोय, तीही अर्धवट, कारण टर्नरला निदान समोर पुतळा तरी होता, आपल्या मुलांसमोर मोबाईलचा स्क्रीन आहे.

आता अर्ज करणाऱ्यांना थेट सांगते. सगळ्यात आधी त्या त्या संस्थेची सूचना नीट वाचा, कारण प्रत्येकाची मागणी वेगळी असते, कुणाला दहा कामं हवीत, कुणाला वीस, कुणी फक्त फोटो मागवतात, कुणी मूळ कामं घेऊन बोलावतात, कुणी वर स्वतःची परीक्षा पण घेतात. जितकी मागितलीत तितकीच द्या. बारा दमदार कामांत तीन कमजोर मिसळली की बघणाऱ्याच्या लक्षात तीच तीन राहतात, तेव्हा आकडा भरायला म्हणून काही घालू नका. पण निम्म्याहून जास्त कामं समोर बघून केलेली असू द्या. घरातलं कपाट, अंथरुणाच्या चुण्या, झोपलेली बहीण, आरशात स्वतःचा चेहरा, बूट. विषय भारी असायची काहीच गरज नाही. एकच वस्तू वेगवेगळ्या उजेडात, वेगवेगळ्या माध्यमांत पुन्हा पुन्हा केली असेल तर ती अख्खी मालिका दाखवा, कारण एका गोष्टीपाशी हा मुलगा किती वेळ टिकतो हे त्यातून कळतं आणि पेंटिंगमध्ये तेच तर करायचंय आयुष्यभर.

आणि स्केचबुक द्या. नवीन विकत आणून एका आठवड्यात भरलेलं नको, ते ओळखू येतं, सगळी पानं एकाच मूडची आणि एकाच पेनाची असतात. खरं वापरलेलं द्या, ज्यात अर्धवट सोडलेली डोकी आहेत, रंगाचे ठिपके लावून बघितलेत, बाजूला काहीतरी लिहिलंय, एखादं पान नुसतं हातांचंच आहे. फाडू नका पानं. मुलं माझ्याकडे येतात तेव्हा पहिल्यांदा काय करतात तर वाईट पानं फाडतात, आणि बऱ्याचदा त्या फाडलेल्या पानांवरच पुढच्या चांगल्या चित्राची सुरुवात असते.

फोटो काढून पाठवायचे असतील तर त्याकडे जरा लक्ष द्या, चांगलं काम वाईट फोटोमुळे मातीत जातं. फ्लॅश नको, काच लावलेली असेल तर काढा, खिडकीजवळ सावलीतला सारखा उजेड घ्या, मोबाईल चित्राला अगदी समांतर धरा नाहीतर चौकोनाचा पतंग होतो, आणि टेबल, चादर, पायाची बोटं फोटोत येऊ देऊ नका. प्रत्येकाखाली माध्यम, माप आणि वर्ष लिहा. माप फार महत्त्वाचं आहे, कारण स्क्रीनवर तळहाताएवढं चित्र आणि भिंतीएवढं चित्र सारखंच दिसतं. फोटोवरून केलेलं एखादं काम ठेवायचंच असेल तर खाली तसं सरळ लिहा, आणि कॉम्प्युटरकडून तयार करून घेतलेली इमेज स्वतःचं पेंटिंग म्हणून मुळीच देऊ नका, इंटरव्ह्यूत दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं आणि मग बाकीच्या खऱ्या कामावरचाही विश्वास जातो.

रंगाबद्दल एक सांगायचंय, कारण पेंटिंगला अर्ज करणाऱ्यांचं हेच राहून जातं. पोर्टफोलिओत बहुतेक वेळा ट्यूबमधून निघाला तसा रंग लावलेला असतो, आकाश निळं, पान हिरवं. आल्बर्सचंच अजून एक आवडतं काम होतं रंगांचं, एकच करडा कागद काळ्यावर ठेवला की उजळ दिसतो आणि पांढऱ्यावर ठेवला की गडद, कागद तोच. पुढे १९६३ साली त्याने रंगांच्या अशा परस्परसंबंधांवर पुस्तकही काढलं. म्हणजे रंग एकटा नसतोच कधी, शेजारचा त्याला बदलतो. त्या खुर्चीवाल्या मुलीला मी फक्त तीन ट्यूब आणि पांढरा घेऊन एका पांढऱ्या कपचं पेंटिंग करायला सांगितलं, पांढऱ्या कापडावर पांढरा कप. सुरुवातीला वैतागली. मग तिला दिसायला लागलं की सावलीतला पांढरा निळसर आहे, टेबलाजवळचा पांढरा लाकडाचा तांबूसपणा उचलतोय, आणि अख्ख्या कपात ट्यूबमधला खरा पांढरा फक्त कडेच्या एका ठिपक्यात आहे. ते छोटंसं पेंटिंग आता तिच्या फाईलमध्ये पहिलं आहे. त्यासोबत रंग मिसळून बघितलेल्या पट्ट्यांचा कागद पण लावलाय.

अर्जाबरोबर स्वतःच्या कामाबद्दल स्टेटमेंट लिहायचं असतं तेव्हा पण तेच होतं. "लहानपणापासून मला चित्रकलेची आवड आहे" हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, आणि त्यानंतर भावना, समाज, निसर्ग असे मोठे मोठे शब्द. कुणीतरी मोठ्याने लिहून दिलेलं असतं हे कळतं. त्यापेक्षा एका चित्राबद्दल लिहा ना, काय करायला गेलो, कुठे अडलो, काय बदललं, काय अजून जमलं नाही. इंटरव्ह्यूत विचारतात ते पण याच वळणाचं असतं, इथे का थांबलीस, यातलं कुठलं चित्र तू काढून टाकशील, हल्ली कुणाचं काम बघतोयस. ज्याने स्वतः काम केलंय त्याला यात घाबरण्यासारखं काही नाही, बोली भाषेत, अडखळत सांगितलं तरी चालतं. घरी कुणालातरी रोज एक चित्र पाच मिनिटं समजावून सांगायचा सराव करा, तेवढा पुरतो.

पालकांना पण दोन शब्द. पोट कसं भरणार ही काळजी खोटी नाही, आणि ती उडवून लावणाऱ्यातली मी नाही. पेंटिंग विकून घर चालवणारे थोडेच असतात हे मुलांना खरं खरं सांगा. पण याच शिक्षणातून लोक शिकवायला लागतात, पुस्तकांची चित्रं करतात, नाटक-सिनेमाचे सेट करतात, म्युझियममध्ये जुन्या चित्रांची दुरुस्ती आणि जतन करतात, ॲनिमेशनमध्ये जातात, आणि ही कामं बघायची-ठरवायची सवय असलेल्या माणसालाच जमतात. मुलगी ऐकत नाही म्हणून नाइलाजाने पाठवू नका आणि नातेवाईक काय म्हणतील म्हणून अडवूपण नका. एके काळी तर मुलींना या दारातून आत घेतच नव्हते. रॉयल अकादमीच्या शाळेत १८६० साली लॉरा हर्फर्डने आपली ड्रॉइंग्ज पाठवली तेव्हा सहीत नावाची फक्त आद्याक्षरं आणि आडनाव लिहिलं होतं, निवडणाऱ्यांनी ती पुरुष आहे असं समजून प्रवेश दिला आणि मग मागे फिरता येईना. पॅरिसच्या एकोल दे बोझार मध्ये तर मुलींना १८९७ पर्यंत वाट बघावी लागली. त्याच संस्थेत पुढे चित्रकार अमृता शेरगिल शिकली, १९२९ साली सोळाव्या वर्षी पॅरिसला गेली, तिथलं तंत्र पक्कं केलं, १९३३ मध्ये तिथल्या सालोंमध्ये, म्हणजे मोठ्या चित्रप्रदर्शनात, सुवर्णपदकही मिळवलं, आणि १९३४ च्या शेवटी भारतात परत आल्यावर इथली माणसं बघून आपलं पेंटिंग पार बदलून टाकलं. तंत्र शिकवता येतं, आणि ते संस्थेत जाऊन शिकावंच. पण काय बघायचं हे ती स्वतःच ठरवत होती. अर्जाच्या वेळी मुलांच्या हातून आपण नेमकी तीच गोष्ट काढून घेतोय म्हणून जीव तुटतो.

आणि नाकारलं गेलं तर? जातं बऱ्याच जणांना, जागा कमी असतात. ते वर्ष वाया गेलं असं घरात कुणी म्हणू नका. वर्षभर समोर बघून काढत राहिलेली मुलं पुढच्या वेळी ओळखू येत नाहीत इतकी बदललेली असतात. काही देशांत पदवीच्या आधी एक फाउंडेशन वर्षच असतं, नुसतं प्रयोग करायला, कुठलं माध्यम आपलं ते शोधायला, कितीतरी मुलं पेंटिंग म्हणून जातात आणि प्रिंटमेकिंगच्या (ठसे घेऊन चित्रं छापायच्या कलेच्या) किंवा मातीच्या प्रेमात पडून बाहेर येतात. आपण घरी ते वर्ष तसंच वापरू शकतो.

संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे की नाकारताना दोन ओळींचं कारण कळवा. एवढ्या अर्जांना कसं जमणार असं म्हणतील, पण निदान निवड झालेल्या काही मुलांच्या परवानगीने त्यांच्या पोर्टफोलिओतली पानं लोकांना बघायला ठेवा आणि हे का आवडलं ते लिहा. नुसता निकाल लागतो, आत काय बघितलं गेलं ते कळतच नाही, म्हणून मग क्लासवाले सांगतील ते खरं मानावं लागतं आणि डोळ्यातला थेंब पिढ्यानपिढ्या चालू राहतो. आणि शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांना सांगणं, म्हणजे मला स्वतःला धरून, की पोरांच्या कागदावर आपली पेन्सिल चालवू नका. चूक दाखवायची तर बाजूला वेगळ्या कागदावर दाखवा.

संपादक महोदय, तुम्हालाही एक मागणं आहे. प्रवेशाच्या या दीड-दोन महिन्यांत रविवारच्या पुरवणीत अर्धं पान अर्ज करणाऱ्या मुलांच्या स्केचबुकला द्या. तयार चित्रं नकोत, स्केचबुकचीच पानं, जशी आहेत तशी, डागांसकट. खाली मुलाने चार ओळी लिहाव्यात काय बघत होतो त्याच्या. शेजारी एखाद्या अनुभवी चित्रकाराने त्या पानाबद्दल काय वाटलं ते लिहावं. गावोगावच्या कितीतरी मुलांना क्लास परवडत नाही, शहरातली प्रदर्शनं बघायला मिळत नाहीत, पण पेपर घरात येतो. पानं गोळा करायला, निवडायला मदत लागली तर मी आणि माझ्याबरोबर शिकवणारे दोघं-तिघं आनंदाने बसू. ती खुर्ची छापायला मुलीने होकार दिलेला आहे.

आपली नम्र,
एक चित्रकला शिक्षिका